मोडीत भाव नसलेली नक्षी

जुन्या चांदीच्या काट्या-चमच्यांची किंमत ठरवताना पहिला शब्द तराजूचा असतो. घडणावळ बुडाली, घट कापली, तरी वजनाचे पैसे हातात पडतात आणि त्याखाली भाव उतरत नाही. स्टेनलेस स्टीलच्या नक्षीदार काट्या-चमच्यांना असा आधार कधीच नव्हता. आठ माणसांचा अख्खा संच भंगारात घातला तर जेमतेम दोन-अडीच किलो स्टीलचे पैसे येतात. तरीही अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या एखाद्या नक्षीच्या एकाच चमच्यासाठी स्वस्तातल्या नव्या संचाएवढी रक्कम मोजणारे गिऱ्हाईक भेटते. सराफी व्यवहारात घडणावळ जाते आणि धातू उरतो. या मालात धातूला भाव नाही, जे मिळते ते घडणावळीचेच. अशा मालाची पारख कशी रुळत गेली हे कळण्यासाठी तो कुणी, कुणासाठी आणि कशाची नक्कल म्हणून घडवला हे आधी पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी जेवणाच्या टेबलावर दोन धातू नांदत होते. सुरीचे पाते साध्या पोलादाचे असे. त्याला धार उत्तम लागे, पण लिंबू, व्हिनेगर, मासा किंवा फळ लागले की ते काळे पडे आणि अन्नालाही लोखंडी चव देई. रोज घासून पुसून कोरडे केले नाही तर दुसऱ्या दिवशी गंज. म्हणूनच मासे आणि फळे खायच्या सुऱ्या चांदीच्या करण्याची रीत पडली. काटे आणि चमचे श्रीमंतांकडे चांदीचे असत. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्याने विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून मध्यमवर्गालाही चांदीचा थाट परवडू लागला. मुलाम्याची भांडी दिसायला चांदीसारखी, पण मोडीत त्यांना भाव नाही. म्हणजे ‘धातू नव्हे, रूप विकत घ्यायचे’ हा व्यवहार स्टीलच्या आधी मुलाम्यानेच सुरू केला होता.

गंज न धरणाऱ्या पोलादाचा शोध इंग्लंडमधल्या शेफील्ड या सुऱ्या-कात्र्यांच्या गावात लागला, पण तो सुरीसाठी नव्हता. ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत काम करणारा हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून क्रोमियम मिसळलेली पोलादे तपासत होता. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्याचा तुकडा आम्लाने खरवडायला गेले तर आम्ल त्यावर चालेना. ब्रेअर्लीचा बाप पोलादाच्या भट्टीवर काम करणारा आणि गाव सुरीवाल्यांचे, त्यामुळे हे पोलाद कुठे उपयोगी पडेल हे त्याला लगेच सुचले. मालकांना ते सुचले नाही. शेवटी मोझली यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्ट याने त्याच्या सुऱ्या करून पाहिल्या, आणि ‘स्टेनलेस’ हे नावही त्यानेच दिले. पहिल्या सुऱ्यांनी फारसे समाधान दिले नाही. हे पोलाद घडवायला आणि धार लावायला कठीण होते, आणि न कापणारी सुरी शोधणारा म्हणून ब्रेअर्लीची गावात टिंगल झाली. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात माउरर आणि श्ट्राउस यांनी क्रोमियमबरोबर निकेल घातलेले पोलाद तयार केले होते, आणि अमेरिकेत एल्वुड हेन्स स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालला होता. शोधाचे श्रेय कुणाचे, यावर पुढे बरीच वादावादी झाली. टेबलावरच्या चमच्याला तिच्याशी कर्तव्य नाही.

चमच्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२४ आहे. ब्रेअर्लीच्या जागी आलेल्या हॅटफील्डने १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असे प्रमाण बसवले. निकेलमुळे पोलाद लवचिक झाले, पत्रा दाबून खोलगट आकार देता येऊ लागला. आजही काट्या-चमच्यांच्या पाठीवर १८/८ असा आकडा दिसतो तो हाच. पुढे १८/१० आणि निकेल वगळलेले १८/० हे प्रकार आले. सुरीचे पाते मात्र ब्रेअर्लीच्या घराण्यातलेच राहिले, कारण निकेलच्या पोलादाला तापवून कडक करता येत नाही आणि धार टिकत नाही. एकाच संचातली सुरी आणि चमचा हे दोन वेगळ्या धातूंचे असतात, ही गोष्ट पारखताना पुन्हा पुन्हा नडते.

चमचा घडतो तो असा. पत्र्यातून ढोबळ आकाराचा तुकडा कापायचा. तो रुळांमधून अशा बेताने काढायचा की तोंडाकडे पातळ व्हावा आणि मानेशी, जिथे जोर येतो तिथे, जाड राहावा. मग कडा छाटायच्या, काटा असेल तर दाते कापायचे, आणि शेवटी कोरीव साच्यांच्या जोडीत दाबून दांड्यावर नक्षी उठवायची व तोंडाला खोली द्यायची. चांदी साच्यात लोण्यासारखी पसरते. निकेलचे स्टील दाब पडताच आणखी कडक होते, साचा लवकर झिजतो, आणि पानाफुलांच्या बारीक कडा बोथट उमटतात. म्हणून सुरुवातीचे स्टीलचे चमचे साधे, खानावळीच्या आणि इस्पितळाच्या वळणाचे होते.

युरोपातल्या रचनाकारांनी या अडचणीतूनच एक शैली उभी केली. डेन्मार्कच्या आर्ने याकबसेनने १९५७ मध्ये कोपनहेगनच्या हॉटेलासाठी केलेले काटे-चमचे इतके निखळ आहेत की पुढे ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात अंतराळवीरांच्या हाती तेच दिले गेले. शेफील्डच्या डेव्हिड मेलरने १९६५ मध्ये सरकारी उपाहारगृहांसाठी ‘थ्रिफ्ट’ हा संच रचला आणि नेहमीचे अकरा नग कापून पाचांवर आणले. नक्षीच्या बाजूने उभा राहिला तो सोनार-कारागीर जेराल्ड बेनी. शेफील्डच्या व्हायनर्स कंपनीसाठी त्याने केलेल्या ‘स्टुडिओ’ या नमुन्यात दांड्यावर झाडाच्या सालीसारखा खडबडीत पोत आहे. फुले-वेलींपेक्षा हा पोत स्टीलला शोभतो: कड बोथट उमटली तरी बिघडत नाही आणि रोजच्या वापरातले ओरखडे त्यात लपतात. ब्रिटनच्या जुन्या बाजारात या नमुन्याला आजही मागणी आहे, यात नवल नाही. व्हायनर्सचा कारभार १९८२ मध्ये आटोपला, नाव मात्र दुसऱ्यांच्या मालावर चालू राहिले. त्यामुळे पाठीवर शेफील्डचे नाव दिसले म्हणून तो नग शेफील्डातच घडला असे समजणे चुकीचे ठरते.

चांदीची हुबेहूब नक्कल स्टीलमध्ये उतरवण्याचा खरा उद्योग अमेरिकेत झाला, आणि त्याचा इतिहास विलक्षण आहे. न्यूयॉर्क राज्यात ओनायडा येथे १८४८ मध्ये जॉन हम्फ्री नॉइज या धर्मोपदेशकाने एक वसाहत स्थापली. तिथे मालमत्ता सामाईक होती, विवाहही सामाईक होता, आणि माणसाला याच जन्मी निष्पाप होता येते अशी श्रद्धा होती. पोटासाठी ही मंडळी प्राणी पकडायचे सापळे, रेशमी दोरा आणि डबाबंद फळे विकत. १८७७ मध्ये त्यांनी कनेटिकटमधल्या आपल्या शाखेत चमचे करायला घेतले. १ जानेवारी १८८१ रोजी वसाहत मोडून तिची भागभांडवली कंपनी झाली. संस्थापकाचा मुलगा पियरपाँट नॉइज याने सापळे मागे टाकून चांदीच्या मुलाम्यावर जोर दिला आणि मासिकांतल्या देखण्या जाहिरातींनी ‘कम्युनिटी प्लेट’ हे नाव घराघरांत नेले. सामाईक संसाराच्या प्रयोगातून निघालेली कंपनी नवपरिणीत जोडप्यांच्या संसाराचा थाट विकू लागली.

१९६०च्या दशकापासून ओनायडाने शेरिल गावच्या कारखान्यात नक्षीदार स्टीलचे काटे-चमचे मोठ्या प्रमाणावर काढले. वळणदार वेलपत्तीचा ‘मायकेलँजेलो’, गुलाबाचा ‘माय रोज’, झुंबराच्या नावाचा ‘शँडेलियर’, अगदी साधा ‘पॉल रिव्हिअर’ असे नमुने अनेक वर्षे चालले. नक्षीच्या खोलगट जागा काळसर ठेवून उंच भाग चकाकवला की जुन्या चांदीचा भास होई. एकाच कंपनीचा माल अनेक पायऱ्यांचा होता. सर्वांत वरच्या ‘हेअरलूम’ मालावर घनाकृती चिन्ह, त्याखाली ‘कम्युनिटी’, त्याखाली ‘डीलक्स’, आणि दुकानातल्या स्वस्त मांडणीसाठी ‘रॉजर्स’ किंवा ‘नॉर्थलँड’. नवख्या विक्रेत्याला सगळे ओनायडाच वाटतात. जाणता माणूस आधी पाठ वळवून पाहतो.

या मालाच्या प्रसाराला आणखी एक वाट होती. पिठाच्या आणि केकच्या मिश्रणाच्या खोक्यांवर बेटी क्रॉकर या छापाची कुपने असत. ती कापून साठवायची आणि थोड्या पैशांसह पाठवून ओनायडाचे नग एकेक करून मिळवायचे. अनेक अमेरिकी घरांत असे वर्षानुवर्षे जमवलेले संच होते. ही योजना २००६ मध्ये बंद झाली. जुन्या बाजाराच्या दृष्टीने तिचे दोन परिणाम दिसतात. असे नमुने उदंड आहेत, म्हणून पूर्ण संचाला फार भाव येत नाही. पण अर्धवट राहिलेले संचही तितकेच उदंड आहेत, म्हणून सुट्या नगांना गिऱ्हाईक तुटत नाही.

समुद्रापलीकडे जपानच्या नीगाता प्रांतातले त्सुबामे हे गाव याच धंद्यात उतरले होते. सतराव्या शतकापासून खिळे, पुढे तांब्याची ठोकीव भांडी आणि चिलमी करणाऱ्या इथल्या कारागिरांनी १९११च्या सुमारास पाश्चात्त्य काटे-चमचे हाताने घडवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा स्वस्त स्टीलचा माल अमेरिकेत इतका उतरला की तिथल्या कारखानदारांच्या तक्रारीवरून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १ नोव्हेंबर १९५९ पासून मर्यादा घातली: वर्षाला ६ कोटी ९० लाख नगांपर्यंत नेहमीची जकात, त्यावर भारी जकात. ही मर्यादा स्वस्त मालाला होती, त्यामुळे चांगला माल करण्याकडे कल वाढणे साहजिकच होते. १९९१ पासून स्टॉकहोमच्या नोबेल मेजवानीत वापरले जाणारे काटे-चमचे त्सुबामेतच घडलेले आहेत. जुन्या बाजारात मात्र पाठीवर ‘जपान’ लिहिलेला माल बरीच वर्षे हलका समजला गेला. तो समज आळशीपणाचा आहे. त्या छापाखाली टाकाऊ आणि अव्वल दोन्ही सापडतात.

स्टीलच्या जुन्या मालाला बाजार मिळण्यात चांदीचाही हात आहे. १९७९च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी सट्ट्याच्या तेजीत जानेवारी १९८० मध्ये ५० डॉलरच्या जवळ गेली, आणि अमेरिकी घराण्यांतले कित्येक संच थेट भट्टीत गेले. धातूला भाव आला की नक्षी मरते. स्टीलवर हे संकट येऊ शकत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो येथे बॉब पेज या सरकारी लेखापरीक्षकाने छंदातून ‘रिप्लेसमेंट्स’ ही कंपनी काढली. सुरुवात चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांपासून झाली, पुढे काटे-चमचे आले. तिचे काम एकच: हरवलेल्या नगाच्या जोडीचा नग शोधून देणे. त्यासाठी नमुन्यांची नावे, छायाचित्रे आणि मापे यांची सूची लागली, आणि चांदीला जशी कसोटी तशी स्टीलला ही सूची झाली. ज्या नक्षीचे नाव सांगता येत नाही ती विकता येत नाही. १९९५ नंतर इंटरनेटवरच्या लिलावांनी सगळा लपलेला माल उजेडात आणला. दुर्मीळ समजलेले अनेक नमुने मुबलक निघाले आणि भाव खाली आले.

प्रत्यक्ष पारख काट्यापासून सुरू करणे सोयीचे, कारण काटा लपवाछपवी करू शकत नाही. तो उजेडाकडे धरून दात्यांच्या मधल्या कडा पाहाव्यात. चांगल्या मालात त्या आतून घासून गुळगुळीत केलेल्या असतात, हलक्या मालात कापल्याच्या खरखरीत खुणा तशाच राहतात. मान चिमटीत धरून जाडी अजमावावी. दांड्याच्या टोकापासून दात्यांपर्यंत पत्रा सारखाच जाड लागला तर रुळांचे काम वाचवले आहे. नक्षी दोन्ही बाजूंना आहे की फक्त दर्शनी, पाकळ्यांच्या कडा बोटाला लागतात की पुसट झाल्या आहेत, खोलगट जागांतला काळसर रंग शाबूत आहे की हौसेने पॉलिश करणाऱ्याने तोही घालवला, हे पाहायचे. यंत्रावर जोरात चकाकवलेला नग दुरून नवा दिसतो आणि जवळून चोथा. सोन्याचा मुलामा दिलेल्या नक्षीचे हाल याहून वाईट: भांडी धुण्याच्या यंत्रात तो आधी कडांवरून उडतो, आणि पुन्हा देण्याचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त असतो.

चमच्याचे टोक झिजून बसके झाले आहे का, ते त्याच नमुन्याच्या न वापरलेल्या चमच्याशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. अमेरिकी घरांत सिंकखाली उष्टे दळणारे यंत्र असते. त्यात पडलेल्या चमच्याच्या कडेला दातेरी खाचा पडतात आणि तो नग बाद होतो. सर्वांत जास्त हरवतात ते चहाचे चमचे, बहुधा उष्ट्याबरोबर कचऱ्यात जाऊन, म्हणून जोडीसाठी मागणीही त्यांचीच मोठी. सुऱ्यांची गोष्ट वेगळी. पोकळ मुठीची सुरी दोन अर्धे पत्रे जोडून करतात आणि पाते आत भरण घालून बसवतात. कानाशी धरून हलवली आणि खुळखुळ आली तर भरण सुटले आहे. पात्याला मुठीजवळ बारीक खड्डे असतील तर मीठ आणि ओल यांनी आपले काम केले आहे, आणि खड्डे घासून जात नाहीत. वाढायचे मोठे चमचे, मांसाचा रुंद काटा, सॉसचा लहान डाव, साखरेचा शिंपल्याच्या आकाराचा चमचा हे मूळ संचात एकेकच येत किंवा वेगळे विकत घ्यावे लागत, त्यामुळे ते थोडे आहेत आणि महाग आहेत. लांबीही मोजावी लागते. एकाच नावाचा नमुना दोन मापांत, किंवा एकदा चकचकीत आणि एकदा मंद झिलईत निघालेला असतो, आणि अर्ध्या इंचाचा फरक टेबलावर लगेच डोळ्यांत भरतो.

चुंबकाची परीक्षा सर्वांना ठाऊक आहे आणि तीच सर्वांत जास्त फसवते. १८/८ आणि १८/१० चे स्टील चुंबकाला सहसा धरत नाही, १८/० धरते. म्हणून चिकटला की हलका, असा हिशेब केला जातो. पण सुरीचे पाते उत्तमातल्या उत्तम संचातही चिकटणारच; त्यावरून संच नाकारणारे गिऱ्हाईक विक्रेत्याला रोज भेटते. उलट बाजूने, निकेल महाग पडते म्हणून त्याच्या जागी बरेचसे मँगनीज घातलेले पोलाद असते. तेही चुंबकाला धरत नाही, पण गंजाला लवकर बळी पडते. भारतातल्या घरगुती भांड्यांमध्ये या जातीचे स्टील सर्रास वापरले जाते, आणि भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून ‘अस्सल’ ठरवणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सहज चकवते.

महाराष्ट्रात स्टील घरोघरी पोचले ते ताट, वाटी, पातेले आणि डबा या रूपात. काटा हा हॉटेलातला पाहुणाच राहिला. इथली पारखही निराळी झाली. तांब्या-पितळेला मोडीचा भाव होता, आणि कित्येक घरांतले हंडे-कळश्या मोडीत देऊनच स्टीलची भांडी आली. दारोदार फिरणारी बोहारीण जुने कपडे घेऊन स्टीलचे भांडे देई. तिथे किंमत व्हायची ती कपड्याची: साडीला जर किती, विजार कुठे विरली आहे. भांड्याची परीक्षा घरातली बाई बोटाने पत्रा दाबून आणि टिचकीने आवाज ऐकून करी, आणि पातेल्यावर आणखी एक वाटी मिळाल्याशिवाय सौदा पटत नसे. भांड्यावर नाव घालण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते, त्यामुळे इथले स्टील आपला काळ स्वतःच सांगते. अमेरिकी काट्या-चमच्यांवर तारीख नसते, काळ नमुन्याच्या सूचीवरून ठरवावा लागतो. आणि कुणी दांड्यावर आद्याक्षरे कोरून घेतली असतील तर किंमत उतरते, कारण दुसऱ्याच्या नावाने जेवायला कुणी तयार नसते.

शेरिलचा कारखाना ओनायडाने २००५ मध्ये बंद केला आणि पुढच्या वर्षी कंपनीने दिवाळखोरीतून सावरण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. नाव टिकले, माल परदेशातून येऊ लागला. त्याच इमारतीत तिथल्याच दोन जुन्या अधिकाऱ्यांनी नवी कंपनी काढली. मधल्या काळात तिला काम थांबवावे लागले, पण पुढे ‘लिबर्टी टेबलटॉप’ या नावाने तिथे पुन्हा अमेरिकी काटे-चमचे घडू लागले. जुन्या बाजारात याचा परिणाम छापावर झाला. एकाच नमुन्याचा नग, एकाच्या पाठीवर ‘ओनायडा यूएसए’ आणि दुसऱ्याच्या पाठीवर नुसते ‘ओनायडा’. नंतरचे नग पुष्कळदा वजनाला हलके आणि नक्षीला उथळ लागतात. विक्रेते आता दोन्हींची नोंद वेगळी करतात, आणि पाठीच्या छायाचित्राशिवाय कुणी चढा भाव देत नाही.